तुळजाबाईंचा आठ अंकी सोबती

तुळजाबाईंचं लग्न का झालं नाही, याची चेन्नईच्या ट्रिप्लिकेनमध्ये तीन-चार कारणं सांगितली जातात. कुणी पत्रिकेवर ढकलतं, कुणी धाकट्या भावाच्या जबाबदारीवर. सांगणारी बाई जरा आतल्या गोटातली असली तर आवाज खाली आणून 'एक माणूस होता म्हणे' असंही म्हणते. माणूसबिणूस काही नव्हता. खरं कारण एक्क्याण्णव.

साल एक्क्याऐंशी. कुंभकोणमहून मधुसूदन नावाचा मुलगा बघायला आला. तंजावरकडच्याच मराठी घरातला, बँकेत नोकरी, केसांचा भांग पट्टी लावून पाडलेला. आईनं तुळजाच्या हातात कॉफीचं तबक दिलं आणि बजावलं, "काही गोड बोल गे." तुळजानं टंबलर त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "नाइन्टी-वनला कोण भागतं?" मधुसूदननं टाय सारखा केला आणि म्हणाला, "कोणी नाही. प्राइम आहे." तुळजा म्हणाली, "सेव्हन थर्टीन्स," आणि तबक घेऊन आत निघून गेली ती बाहेर आलीच नाही. पुढे मधुसूदन मोठा मॅनेजर झाला. लग्नकार्यात भेटला की ही गोष्ट स्वतःच रंगवून सांगतो आणि शेवटी बायकोकडे बघून म्हणतो, "त्या दिवशी तेराचा पाढा आठवला असता तर हिची सुटका झाली असती."

तर अशा या तुळजाबाई. वय अडुसष्ट, दोन्ही नाकपुड्यांत खड्यांच्या चमक्या, चालणं असं की मागून कुणी हाक मारली तरी पुढच्या वळणावरच थांबणार. टेलिफोन खात्यात बेचाळीस वर्षं ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलच्या काळात त्यांच्या बोर्डावर कधी चुकीची तार जोडली गेली नाही, असं त्या काळच्या बायका अजून सांगतात. त्यांचा नियम कडक. गिऱ्हाइकानं नंबर सांगितला की तो सुटा सुटा परत म्हणून दाखवायचा, आणि पलीकडून 'हो' आल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही. कलेक्टर असला तरी. एका मोठ्या वकिलानं एकदा ओरडून विचारलं होतं, "एकदा सांगितलेलं कळत नाही का?" तुळजाबाई म्हणाल्या, "कळतं. पण मज काय कळलं ते तुम्हांस कोठे कळलं?"

त्यांची मराठी ही अशी. 'मज', 'तुज', 'कोठे'. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेली, तेव्हापासून रजा न घेता घरात राबलेली मराठी. मधूनमधून तिच्यात तमिळ येतं, आणि वाक्य संपताना सूर असा वर जातो की महाराष्ट्रातल्या माणसाला वाटावं, बाई काही तरी विचारतायत. आकड्यांचं मात्र या घराचं निराळं होतं. मोजणी मराठीत सुरू व्हायची, एकोणीस-वीसपर्यंत यायची आणि तिथून पुढे बिनबोभाट तमिळच्या गाडीत बसायची. शाळेत, बाजारात, बोर्डावर मराठी आकडा लागतो कुणाला? वीसच्या पुढे काही सांगायचंच झालं तर तमिळ आहे, इंग्रजी आहे. ही गोष्ट तुळजाबाईंनी कधी कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी वाटलीच नाही.

आणि आता त्या माणसाविषयी. म्हणजे, माणूस होता, पण आतल्या गोटातल्या बायका समजतात तसा नव्हे.

विद्याधर सर साताऱ्याकडचे. बायको सुनंदा रेल्वेत होती, तिची बदली मद्रासला झाली, तर तिच्या मागोमाग हे आले आणि एग्मोरच्या एका शाळेत गणित शिकवू लागले. पांढरा बुशशर्ट, खिशाला कायम खडूचा डाग. वर्गात इंग्रजी आणि मोडकं तमिळ. अकरावीच्या वर्गात तुळजा ही एकटी मुलगी अशी निघाली की जिच्याशी मराठी बोलता येईल. सरांना कोण आनंद! भर वर्गात म्हणाले, "हिची मराठी आपल्याहून जुनी आहे, बरं का!" सोळा वर्षांच्या पोरीला तेवढं पुरलं. ती महिनाभर जमिनीवरून चार बोटं वर चालत होती.

सरांनी तिला संख्यांची नाती दाखवली. कुठल्याही संख्येला तिच्याहून लहान कोण कोण भागतं, त्यांची बेरीज केली की ती कधी कमी पडते, कधी सांडते, आणि सहा किंवा अठ्ठावीससारखी एखादी अशी भेटते की बेरीज नेमकी तिच्याएवढीच भरते. तिला म्हणायचं परिपूर्ण. दोनशे वीस आणि दोनशे चौऱ्याऐंशी यांचं तर असं, की एकीच्या विभाजकांची बेरीज दुसरी, दुसरीच्यांची पहिली. या मित्रसंख्या. तुळजाला ही सगळी नात्यागोत्यातली भानगड वाटली आणि ती तिच्यात रमली. जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणीच भागत नाही ती मूळ संख्या. जिला कुणी भागतं ती संयुक्त. पुढे कितीतरी वर्षांनी भाऊ रघुरामला मुलगी झाली आणि त्यानं तिचं नाव संयुक्ता ठेवलं, तेव्हा बारशात अत्या एकटीच कुरकुरली होती, "अय्यो, भागली जाईल पोर."

त्र्याहत्तरचा एप्रिल. शेवटचा पेपर झाला. शाळेच्या फाटकात सर उभे, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पेपरांचा गठ्ठा. तुळजा नमस्कार करायला गेली. सर म्हणाले, "थांब, तुला एक आकडा देतो. लिहून घे." हात दोन्ही अडकलेले, म्हणून तोंडानंच सांगितला. आणि जुन्या मराठीचा मान म्हणून सांगितला मराठीत: नऊ कोटी नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे एकोणऐंशी.

तुळजानं प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं. नव्याण्णवला जरा अडखळली, पण सर नऊचीच माळ ओवतायत हे लक्षात आलं होतं. बाकी सोपं होतं.

"याला एक लहानसा विभाजक आहे," सर म्हणाले. "कोण भागतं ते शोध आणि उद्या येऊन सांग. येशील ना?"

"येईन सर."

"परत सांगू का आकडा?"

आता इथे 'हो' म्हणायला काय झालं होतं? पण जिची मराठी सरांहून जुनी, तिनं परत विचारायचं? "नको सर," तुळजा म्हणाली, "मज कळला."

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. विभाजक सापडला नव्हता. तिसऱ्या दिवशीही नाही. लहानसा म्हणजे किती लहान? गणिताच्या मास्तरांचं लहान आणि आपलं लहान एक असतं होय? सात, अकरा, तेरा, सतरा. शंभर संपले, दोनशे संपले. मे अखेर पहिल्या शंभर मूळ संख्या झाल्या, पाचशे एक्केचाळीसपर्यंत, आणि दर वेळी काही ना काही शिल्लक राहत होतंच. जूनमध्ये वडील गेले. रघुराम आठ वर्षांचा. टायपिंगचा क्लास, इकडे-तिकडे फुटकळ कामं, मग टेलिफोन खात्याची परीक्षा, आणि कानावर हेडफोन चढला तो चढलाच.

पण आकडा काही तिला सोडेना. दोन कॉलच्या मध्ये, नंबर लिहायच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर ती भागाकार करी. शेजारच्या बोर्डावरच्या बायका स्वेटर विणत, ही शेष विणत असे. आई दवाखान्यात होती त्या आठवड्यात बाकड्यावर बसून तिनं अकराशेच्या घरातल्या सगळ्या संपवल्या. तीन हजारांपर्यंत पोचली तेव्हा मागं एका भागाकारात हातचा विसरलेला सापडला. एक चूक सापडली म्हणजे आणखी असणार! तिनं सगळं पुसून दोनापासून पुन्हा सुरुवात केली. असं दोनदा.

सर शहरातच होते. मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी यायचे. आणि दर वर्षी सर मांडवात शिरताना दिसले की तुळजाबाई स्वयंपाकघरात शिरायच्या. तीन-तीन तास मोदक वळत बसायच्या. मंडळात त्यांच्या सेवाभावाचं फार कौतुक होतं. एका वर्षी तर नारळ ठेवून सत्कारही झाला. उत्तर न देता तोंड कसं दाखवायचं म्हणून बाई वाफेत उकडून घेतेय, हे त्या बिचाऱ्या अध्यक्षांना काय माहीत!

निवृत्त झाल्यावर मात्र त्या जिद्दीनं बसल्या. सात लांब वह्या आणल्या आणि दोनापासून सगळं पुन्हा मांडायला घेतलं. लॉकडाऊनमध्ये सगळं चेन्नई डाळवडे तळत होतं, तेव्हा ह्या चार हजारांच्या पुढे होत्या. कुठे थांबायचं तेही सरांनीच शिकवलेलं: वर्गमुळापर्यंत. दहा कोटींना अकरा कमी, म्हणजे वर्गमूळ दहा हजारांच्या जरासं अलीकडे. दहा हजारांच्या आत मूळ संख्या एक हजार दोनशे एकोणतीस. त्यांतली शेवटची नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर. गेल्या जानेवारीत, पोंगलच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या कॉफीनंतर तुळजाबाईंनी तो शेवटचा भागाकार केला. शेष सातशे अठरा.

झालं. कुणीच भागत नाही.

त्यांनी वही मिटली. मूळ संख्या! वर तिची शेजारीण बघावी, दोनच घरं पलीकडची, शेवटी एक्क्याण्णव असलेली. दिसायला तितकीच सोवळी, आणि आतून नऊ हजार नऊशे सत्त्याण्णव गुणिले दहा हजार तीन. आपली मात्र पक्की निघाली. आनंद व्हायला हवा होता. पण सर म्हणाले होते, विभाजक आहे. म्हणजे बाराशे एकोणतीस भागाकारांत कुठे तरी आपण चुकलो. किंवा सर चुकले. आणि या दोन्ही गोष्टी तुळजाबाईंच्या मते होऊच शकत नव्हत्या.

मार्चमध्ये मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. 'आपले ज्येष्ठ सभासद श्री. विद्याधर सर चिरंजीव कौशिक यांच्यासोबत रविवारी कायमचे पुण्यास जात आहेत.' खाली पन्नास जणांचे हात जोडलेले.

तुळजाबाईंनी तो निरोप तीनदा वाचला आणि संयुक्ताला हाक मारली. संयुक्ता सत्तावीस वर्षांची, सिरुसेरीत सॉफ्टवेअरमध्ये. आकड्याची गोष्ट तिला जन्मापासून माहीत, आणि 'तुझ्या फोनला विचारशील तर खबरदार' ही धमकीही तेवढीच जुनी.

"विचार," अत्या म्हणाली.

"काय अत्तै?"

"फोनला. विचार. भागतं का कोणी."

संयुक्तानं आधी अत्याचा ताप बघितला. मग आकडा घातला. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. "अत्तै! प्राइम आहे! आणि साधी नाही, आठ आकड्यांतली सगळ्यात मोठी प्राइम. तू बरोबर आहेस! एकही चूक नाही!" पोरगी नाचायलाच लागली. अत्या खुर्चीत बसली.

"म्हणजे सर चुकले," ती म्हणाली.

"मग काय झालं? सांग ना त्यांना."

"एट्टी-फोर वर्षांचा माणूस, डी पोरी. ज्यानं मज सगळं शिकवलं त्याच्यापुढे जाऊन सांगू, की तुम्ही चुकीचा प्रश्न घातला? जाता जाता हेच गाठोड्यात बांधून देऊ?"

"मग काय सांगणार?"

"सांगेन, मज सापडला नाही."

"पण ते खोटं आहे!"

"खोटं कोठे? सापडला नाहीच." पण हे म्हणताना त्यांनी संयुक्ताकडे बघितलं नाही. बावन्न वर्षांचं काम नापास म्हणून पुढे ठेवायचं, एवढंच त्यातून ठरलं होतं. एक तर सर चुकीचे ठरणार, नाही तर आपण. तिसरी वाट दिसत नव्हती.

शनिवारी सकाळी संयुक्तानं अत्याला आणि सात वह्यांच्या पिशवीला शोळिंगनल्लूरला नेलं. अकराव्या मजल्यावर दार उघडंच. आत सामान बांधणारी माणसं, खोकी, चिकटपट्टीचा चर्रर्र आवाज. सरांची सून मधुवंती कमरेला ओढणी खोचून उभी होती. तिनं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अय्या, तुम्ही त्या मोदकांच्या मावशी ना?"

बाल्कनीपाशी आरामखुर्चीत सर बसलेले. वाळून अर्धे झालेले, पण बुशशर्ट पांढराच.

"सर, मी तुळजा. सेव्हन्टी-थ्रीची बॅच."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "वेलदोडा जास्त घालतेस तू मोदकात."

"तुम्हांस ठाऊक होतं?"

"तीस वर्षं खातोय. दर वर्षी विचारतो, कुणी केले? म्हणतात, तुळजाबाई. बाहेर कधी येत नाहीत. मला वाटलं, रागावलीय. मग मीही आत डोकावलो नाही."

"मी आणि रागावेन? तुमच्यावर?" तुळजाबाईंनी पदर सारखा केला आणि पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकलं. "सर, तुम्ही मज आकडा दिलात. उद्या ये म्हणालात. मज विभाजक सापडला नाही, म्हणून आले नाही. अजून सापडला नाही. तेवढं सांगायला आले."

सरांनी पिशवीकडे बोट केलं. "त्यात काय?"

"काही नाही, सर. वह्या."

"दे."

वह्या मांडीवर आल्या. सरांनी पहिली उघडली, पानं भराभर उलटली. बोट रांगेवरून खाली सरकत होतं. "सदुसष्टनं भागलं होतंस का?"

तुळजाबाईंनी वहीत डोकावून पाहिलं.

"सदुसष्टनं, अगं."

"सदुसष्ट म्हणजे, सर?"

मधुवंतीच्या हातातली चिकटपट्टी थांबली. सरांनी मान वर केली. "तुला सदुसष्ट कळत नाही?"

अडुसष्ट वर्षांची बाई कानापर्यंत लाल झाली. "वीसच्या पुढे... आमच्याकडे तमिळमध्ये म्हणतात, सर."

"सिक्स्टी-सेव्हन."

"हां, भागलं ना! पहिल्याच पानावर आहे. नाही गेला. टेन राहिले."

सरांचं बोट त्या ओळीवर जाऊन थांबलं. भागाकार चौदा लाख ब्याण्णव हजार पाचशे सदतीस. शेष दहा. ते बोट तिथून हलेना. "दहा," सर पुटपुटले. "बरोबर दहा. तुळजा, तुझा आकडा म्हण बघू. सुटा सुटा."

"नाईन, नाईन, नाईन, नाईन, नाईन, नाईन, एट, नाईन."

"एट?"

"एट. तुम्हीच सांगितलंत. नऊशे एकोणऐंशी."

"एकोणऐंशी म्हणजे किती?"

"एट्टी-नाईन."

आधी मधुवंती हसली. हसली म्हणजे, खोक्यावर बसलीच. "अहो मावशी, एकोणऐंशी म्हणजे सेव्हन्टी-नाईन!"

"कसं होईल?" तुळजाबाई थेट भांडणाच्या पवित्र्यात. "एकोणीस म्हणजे नाइन्टीन. एकोण म्हणजे नाईन. ऐंशी म्हणजे एट्टी, हे मज ठाऊक आहे. एट्टी आणि नाईन."

"एकोण म्हणजे नऊ नव्हे गं," सर म्हणाले. चष्मा काढून ते डोळे पुसत होते, हसून की कशानं ते सांगता यायचं नाही. "एक ऊन. एक उणा. ऐंशीला एक कमी. विसाला एक कमी म्हणून एकोणीस. सेव्हन्टी-नाईन लिहिलं असतंस तर सदुसष्टनं पूर्ण भाग गेला असता. एका दुपारचं काम होतं ते. चहाच्या आधी झालं असतं."

तुळजाबाई खोक्यावर बसल्या. संयुक्तानं खांद्यावर हात ठेवला, तो त्यांना कळला नसावा.

"म्हणजे तुम्ही चुकला नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आणि माझे भागाकारही नाहीत."

"तेच बघतोय."

"मग बरं झालं!" आणि बाईंच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मधुवंती हसायची थांबली. दोन महिने छातीवर धोंडा होता, तो कुणी तरी उचलून बाजूला ठेवला होता. मूर्ख ठरायची तयारी होतीच. फक्त सर चुकीचे ठरायला नको होते.

सर मात्र आता हसत नव्हते. "बरं कसलं? तुला उद्या ये का म्हटलं होतं, माहितीय? कॉलेजात माझ्या ओळखीच्या बाई होत्या. गणिताला मुलगी घेतो, फी माफ करतो म्हणाल्या होत्या. फॉर्म माझ्या खिशात होता. म्हटलं, हिला आधी एक सोपं गणित घालू, उत्तर घेऊन नाचत येईल, मग हातात ठेवू. जरा गंमत. आठवडाभर वाट बघितली. मग वाटलं, घरच्यांना नको असेल." ते थांबले. "सरळ फॉर्मच द्यायचा होता गं. किंवा आकडा इंग्रजीत सांगायचा. मला हौस, मराठीत सांगायची."

सामान बांधणारा उगाच खोक्यावर नाव लिहीत राहिला.

तुळजाबाईंनी विचार केला. त्यांना उत्तर घाईनं देण्याची सवय नव्हतीच. "सर, अप्पा त्याच जूनमध्ये गेले. फॉर्म असता तरी मी बोर्डावरच बसले असते. नसते बसले, तेही खरं असेल. कोणास ठाऊक. पण एक सांगते. सदुसष्ट त्या दुपारी मिळाला असता, तर मी तुम्हांस उत्तर दिलं असतं आणि कागद टाकून दिला असता. झालं असतं ते गणित. हा टिकला. आई दवाखान्यात होती तेव्हा होता. रघुरामचं लग्न करून दिलं आणि घर एकाएकी मोठं झालं, तेव्हा होता. बोर्ड बंद झाले, मशीनं आली, आमच्यापैकी कितीजणी घरी बसून आजारी पडल्या. मज सकाळी उठायला काम होतं. तुम्ही दिलेलं."

"मी दिलेलं नाही. तुझ्या चुकीनं तुला मिळालेलं."

"तुमच्या मराठीनं," तुळजाबाई म्हणाल्या. "आणि माझ्या गर्वानं. परत सांगू का, म्हणून विचारलंत तुम्ही. मीच नको म्हणाले. जन्मभर लोकांना नंबर परत म्हणायला लावले, ते काय उगाच?"

आता सर हसले. मोठ्यांदा, खोकला येईपर्यंत. मधुवंतीनं पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी घसा साफ केला, खुर्चीत ताठ बसले, आणि वर्गात विचारावं तशा आवाजात म्हणाले, "तुळजा, उत्तर काय?"

तुळजाबाई उठून उभ्या राहिल्या. गुडघा करकरला, पण उभ्या राहिल्या. "नाईन क्रोअर नाइन्टी-नाईन लॅक नाइन्टी-नाईन थाउझंड नाईन हंड्रेड अँड एट्टी-नाईन. याला कोणी भागत नाही, सर. मूळ संख्या आहे."

"कशावरून?"

"बाराशे एकोण... ट्वेल्व्ह हंड्रेड ट्वेन्टी-नाईन भागाकारांवरून."

"बरोबर," सर म्हणाले. "बस."

आणि त्या बसल्या. संयुक्तानं खिडकीकडे तोंड वळवलं होतं.

कॉफी झाली. निघायची वेळ झाली तेव्हा तुळजाबाईंनी वह्या पिशवीत भरायला घेतल्या, तर सरांनी हात ठेवला. "या राहू देत. पुण्याला नेतो. तिथे मला काय काम आहे? रोज दहा-दहा तपासीन."

"बाबा," मधुवंती म्हणाली, "विमानात पंधरा किलोच चालतं. तुमची बॅग भरलीय."

"मग त्यातले स्वेटर काढ."

"थंडी असते हो तिकडे!"

"असू दे." सरांनी स्वतः वाकून बॅगेची चेन ओढली, करड्या रंगाचे दोन स्वेटर बाहेर खोक्यावर टाकले आणि एकेक वही आत रचू लागले. सातवी बसेना, तर मफलरही काढला. मग बोट उगारून तुळजाबाईंना म्हणाले, "आणि लक्षात ठेव. एक जरी भागाकार चुकलेला सापडला, तर फोन करून सांगेन. कुठल्या पानावर, तेही."

"करा," तुळजाबाई चपला घालताना म्हणाल्या. "सापडणार नाही."